शिकवण्याच्या साहित्यातली चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचे तक्ते, आयटीआयच्या पुस्तिका, उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांतली प्रशिक्षणाची पानं, बचत गटांची माहितीपत्रकं, ग्रामपंचायतीचे फलक असं साहित्य कोल्हापूर परिसरात अनेक जण स्वतःच तयार करतात. त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम इथल्याच कामांची घेतली आहेत: फौंड्री (धातूचं ओतकाम), गुऱ्हाळ, चप्पल, पंचगंगेचा पूर.

चित्र हवं की नको, हे कसं ठरवायचं?

चित्राचं काम एका वाक्यात लिहून बघा. "हे चित्र पाहून शिकणाऱ्याला साच्याची वरची पेटी कुठल्या बाजूने बसवायची ते कळेल" असं वाक्य जमलं तर चित्र काढा. "पान भरलेलं दिसेल", "जरा आकर्षक वाटेल" एवढंच सुचत असेल तर ती जागा मोकळी सोडा. मोकळी जागा वाया जात नाही, वाचणाऱ्याची नजर तिथे विसावते.

शोभेची चित्रं निरुपद्रवी वाटतात, पण तशी नसतात. शिकण्याच्या साहित्यावर दीर्घकाळ प्रयोग केलेले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष असा, की विषयाशी संबंध नसलेली रंजक चित्रं आणि माहिती काढून टाकली की शिकणं सुधारतं. हसरा सूर्य, कोपऱ्यातली फुलं, हात वर केलेलं कार्टून मूल या सगळ्याकडे लक्ष आधी जातं आणि मुख्य आकृतीच्या वाट्याला उरलेलं येतं.

जिथे आकार, जागा, क्रम, हालचाल किंवा दोन वस्तूंमधला फरक सांगायचा आहे, तिथे चित्राला पर्याय नाही. नियम, कारण, अट, अपवाद हे मात्र शब्दांनीच सांगावं. "ओल्या जमिनीवर वितळलेला धातू सांडू देऊ नका" याचं चित्र निघतं. पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उडतो, हे कारण वाक्यात लिहावं लागतं. अशा ठिकाणी दोन्ही द्या, शेजारी शेजारी.

सुरुवात कुठून करायची?

संगणक बंद ठेवून. आधी शिकणाऱ्याने शेवटी हाताने काय करून दाखवायचं आहे ते लिहा. मग ते काम येणाऱ्या माणसाकडून दोनदा करून घ्या. पहिल्या वेळी नुसतं बघा, दुसऱ्या वेळी जिथे जिथे त्याचा हात थांबतो, पकड बदलते किंवा वस्तू फिरवली जाते तिथे खूण करा. तुमची चित्रयादी या खुणांवरूनच तयार होते.

यादीत प्रत्येक चित्रापुढे पाच गोष्टी लिहा: चित्राचं काम, कुठून पाहिलेलं दृश्य, कुठल्या भागांना नावं द्यायची, काय दाखवायचं नाही, आणि छापील आकार. त्यानंतर प्रत्येक चित्राचा पेन्सिलने, तळहाताएवढा, कच्चा आराखडा काढा. चुका या टप्प्यावर दुरुस्त झाल्या तर खोडरबरावर भागतं. रंगवून झाल्यावर दृश्याची दिशा बदलायची म्हटली की सगळं चित्र पुन्हा.

फोटो घ्यावा की रेखाचित्र काढावं?

गुऱ्हाळाचं उदाहरण घेऊ. काहिलीतला रस आटत येतो तसे त्याचे बुडबुडे, फेस आणि रंग बदलत जातात. साधारण १०५-१०६ अंश सेल्सिअसला काकवी होते, ढेपेचा गूळ ११८ च्या आसपास उतरवतात. गुळव्या ते नजरेने ओळखतो आणि थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. रंग, चकाकी, बुडबुड्याचा पोत हे फोटोतच येतं. रेखाचित्र इथे निरुपयोगी आहे.

तेच चुलवाण (काहिलीखालची भट्टी) आतून कसं असतं, जाळ काहिलीच्या बुडाला कुठे लागतो, धुराडं कुठे जोडतं, हे फोटोत कधीच दिसणार नाही. तिथे उभा छेद दाखवणारं रेखाचित्र हवं. थोडक्यात, पृष्ठभाग ओळखायचा असेल तर फोटो, आणि आतली रचना किंवा भागांचं नातं समजायचं असेल तर रेखाचित्र.

फोटो काढताना मागची गर्दी हटवा किंवा मागे साधं कापड लावा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, त्याने धातू आणि चामडं दोन्ही चमकून पांढरं पडतं. उजेड एका बाजूने तिरका घेतला की उंचसखलपणा दिसतो. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवा. गुऱ्हाळात वाफेमुळे भिंग धूसर होतं, म्हणून वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, दर फोटोआधी भिंग पुसून फोटो घ्यावेत. गोळीची चाचणी दाखवायची तर पांढऱ्या ताटलीत घ्या, पितळी भांड्यात गुळाचा रंगच कळत नाही.

एका कृतीला किती चित्रं लागतात?

शिकणाऱ्याच्या हाताला जितके वेगळे निर्णय घ्यावे लागतात तितकी. एका चित्रात एकच कृती.

सगळ्यात जास्त घोळ वस्तू उलटी करण्याच्या पायरीवर होतो. फौंड्रीतलं हाताने केलेलं सँड मोल्डिंग, म्हणजे ओतकामासाठी वाळूचा साचा करणं, पाहा. खालची पेटी फळीवर उलटी ठेवतात, आत पॅटर्न (वस्तूचा नमुना) ठेवतात, वाळू चिकटू नये म्हणून पार्टिंग पावडर मारतात, पॅटर्नलगत चाळलेली फेसिंग सँड (बारीक वाळू) आणि मग बाकीची सँड भरून रॅमरने (ठोकण्याच्या अवजाराने) ठोकतात, वरून सपाट करतात. मग पेटी उलटी करतात. त्यावर वरची पेटी पिनांवर बसवतात, स्प्रू (धातू ओतण्याची वाट) आणि रायझर (जादा धातू साठवणारी वाट) यांच्या खुंट्या उभ्या करतात, पुन्हा सँड भरतात, ठोकतात, तारेने व्हेंट (वायू बाहेर जाण्याची भोकं) पाडतात. नंतर पेट्या उघडून पॅटर्न काढायचा, गेट (धातू आत शिरण्याची वाट) कापायचं, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा तुकडा) बसवायचा आणि पेट्या बंद करायच्या.

बहुतेक पुस्तिकांमध्ये "खालची पेटी भरली" आणि "वरची पेटी ठेवली" अशी दोन चित्रं लागोपाठ असतात. मधलं उलटवणं लिहिलेलं असतं, काढलेलं नसतं. नवीन पोराला दोन्ही चित्रांत वाळूने भरलेली पेटी दिसते, त्यामुळे तो न उलटता वरची पेटी ठेवतो आणि पॅटर्न तळाशीच अडकतो. उपाय सोपा आहे: उलटवण्याचं स्वतंत्र चित्र काढा आणि पेटीच्या एका कोपऱ्यावर ठळक काळा ठिपका सगळ्या चित्रांत ठेवा. ठिपका कुठून कुठे गेला हे बघून पेटी फिरली हे लगेच कळतं. याच्या जोडीला उभा छेद दाखवणारी छोटी आकृती द्या, म्हणजे वाळूच्या आत पॅटर्न कुठे आहे ते दिसेल. व्हेंट किती खोल जातो हेसुद्धा छेदातच कळतं. वरून काढलेल्या चित्रात ती नुसती भोकं दिसतात, आणि भोकं उथळ राहिली की वायू अडकून कास्टिंगमध्ये (ओतलेल्या वस्तूत) ब्लो होल, म्हणजे पोकळ्या, येतात.

दृश्य कुठल्या बाजूने दाखवावं?

काम करणाऱ्याच्या डोळ्यांतून. कोल्हापुरी चपलेचा कान (बाजूची चामड्याची पाकळी) तळाला चामड्याच्या वादीने कसा शिवायचा हे समोर बसून काढलेल्या फोटोत दाखवलं, तर शिकणाऱ्याला डावं-उजवं मनात उलटवावं लागतं. हात शिवणीवर असताना ते जमत नाही. कॅमेरा कारागिराच्या खांद्यावरून खाली धरा. बोटांनी टाका झाकला जात असेल तर हात थोडा बाजूला घ्यायला सांगा, पण पकड बदलू देऊ नका. पकड हाच तर शिकवण्याचा भाग आहे.

मोबाइलचा पुढचा कॅमेरा काही वेळा चित्र आरशासारखं उलटं साठवतो. मागचाच कॅमेरा वापरा.

भागांची नावं चित्रावर लिहावीत की खाली यादी द्यावी?

चित्रावर, भागाच्या अगदी जवळ. १, २, ३ आकडे टाकून खाली यादी दिली की नजर सारखी वरखाली करते आणि लक्षात ठेवण्याची शक्ती त्यातच खर्च होते. जॉन स्वेलर आणि पॉल चँडलर यांनी विभागलेल्या लक्षाचा हा परिणाम प्रयोगांतून दाखवला आहे, आणि कुठल्याही वर्गात तो डोळ्यांनी बघता येतो: मुलाचं एक बोट आकड्यावर, दुसरं यादीवर.

नाव आडवंच लिहा, तिरकं किंवा उभं नको. नावापासून भागापर्यंतची रेघ सरळ असावी, दुसऱ्या रेघेला छेदू नये आणि भागाच्या कडेला न थांबता थोडी आत जाऊन ठिपक्यात संपावी. कडेला थांबलेली रेघ नेमकी कुठल्या भागाची, हे कळत नाही. एका चित्रात सात-आठपेक्षा जास्त नावं आली तर चित्राचे दोन भाग करा.

नावं कुठली? कामावर जी वापरतात तीच. शिरोलीत सगळे "रायझर" म्हणत असतील तर पुस्तिकेत कोशातला प्रतिशब्द लिहून शिकणाऱ्याला आणखी एक ओझं देऊ नका. परीक्षेत दुसरा शब्द येत असेल तर दोन्ही एकदा द्या, पुढे एकच वापरा.

बाण कसे वापरायचे?

बाणाने एका पुस्तिकेत एकच अर्थ सांगावा. तोच काळा बाण कधी हालचाल, कधी पुढची पायरी, कधी "इथे बघा", कधी पाण्याचा प्रवाह दाखवतो आणि वाचणारा गोंधळतो. हालचालीला जाड बाण, प्रवाहाला तुटक रेघेचा बाण, नावाला बाणच नाही, नुसती रेघ. हा ठराव पहिल्या पानावर एका ओळीत लिहून ठेवा. फिरवण्याची क्रिया असेल तर वळलेला बाण वस्तूच्या भोवती काढा, आणि तो पुढून जातो की मागून हे दिसू द्या.

"असं करू नका" हे कसं दाखवायचं?

आधी योग्य कृती, मोठी. मग चुकीची, लहान, आणि फुली चुकीच्या भागावर. पूर्ण चित्रावर फुली मारली की नेमकं काय चुकलं ते झाकलं जातं. चुकीचं चित्र एकटं कधीच ठेवू नका. घाईत बघणारा चित्र लक्षात ठेवतो आणि फुली विसरतो.

दुसऱ्याच गोष्टीबद्दलच्या चित्रातही माणसाला गॉगल, हातमोजे, बूट घालूनच दाखवा. ओतकामाच्या पुस्तिकेत अनवाणी माणूस दिसला तर सुरक्षेचं प्रकरण कितीही चांगलं लिहिलेलं असो, त्याचा उपयोग नाही.

किती रंग वापरावेत?

काळ्या रेघा आणि एक रंग एवढ्यात बरंच काम होतं. तो एक रंग फक्त सध्याच्या पायरीत बदललेल्या भागाला द्या, बाकी सगळं काळं-पांढरं राहू द्या. नजर आपोआप तिथे जाते.

अर्थ फक्त रंगावर सोपवू नका. काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, जन्मतः लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. "हिरवी वायर इथे, लाल तिथे" असं असेल तर वायरवर अक्षरही लिहा. पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजळपणाचं गुणोत्तर पडद्यासाठी किमान ४.५ ला १ असावं. ते तपासणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत. पिवळ्यावर पांढरं आणि निळ्यावर लाल या जोड्या फलकांवर सर्रास दिसतात. दोन्ही टाळा.

मराठी अक्षरांसाठी काय काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दिसावीत यासाठीची टाइप करण्याची प्रमाण पद्धत. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, आणि पुढच्या वर्षी एक शब्द बदलायचा तरी सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत फाँट छपाईला आणि पडद्याला दोन्हीकडे चांगले आहेत.

इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. काम प्रेसला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये (नुसत्या आकारांत) रूपांतर करा, पण त्याआधीची बदल करता येणारी प्रत वेगळी ठेवा. तपासताना "ऱ्या", "ऱ्हा", "द्ध", "ट्र", "रू" ही अक्षरं मुद्दाम बघा. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात आहेत. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ती आपोआप येतात. पहिलीच्या मुलाला पुस्तकात एक ल आणि तक्त्यावर दुसरा दिसू नये.

देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्याने ओळींना जागा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवा. मोठ्यांच्या पुस्तिकेत मजकूर १२-१३ पॉइंट, चित्रावरची नावं ९ पॉइंटच्या खाली नकोत, पहिली-दुसरीसाठी २० च्या आसपास.

भिंतीवरच्या तक्त्यात अक्षर केवढं असावं?

शेवटच्या बाकाचं अंतर मोजा आणि २०० ने भागा. सहा मीटरला ३० मिलिमीटर. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची, मात्रा सोडून. पुस्तकातलं चित्र फ्लेक्सवर मोठं करून घेतलं की तक्ता होत नाही: नावं वाचता येत नाहीत आणि बारकावे नुसती गर्दी करतात. तक्त्यासाठी निम्मी नावं काढा, रेघा जाड करा. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडून अर्ध्या वर्गाला काही दिसत नाही, म्हणून मॅट घ्या.

आकडे चित्रातून दाखवताना काय चुकतं?

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. कोणी या दोन पातळ्यांचे स्तंभ ३५ पासून सुरू केले तर एक ४ भाग उंच आणि दुसरा ८ भाग उंच दिसतो, म्हणजे धोका पातळी इशाऱ्याच्या दुप्पट वाटते. स्तंभ काढायचे तर शून्यापासूनच. पातळी तासागणिक कशी चढली हे दाखवायचं असेल तर रेघेचा आलेख घ्या. तिथे ३५ पासून सुरुवात चालते, कारण तिथे आपण उंची मोजत नाही, चढ बघतो. त्यावर ३९ आणि ४३ च्या आडव्या रेघा ओढा आणि रेघेवरच नाव लिहा.

गावासाठी फलक करत असाल तर नुसते फूट पुरत नाहीत. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा तुमच्या गावात ते कुठल्या पायरीपर्यंत, कुठल्या पारापर्यंत आलं होतं ते लोकांना पक्कं माहीत असतं. त्या खुणा पातळीच्या शेजारी काढा. आजीला ५० फूट म्हणजे किती हे सांगता येणार नाही, पण पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं की जनावरं सोडायची हे ती बरोबर सांगेल.

दुसरी चूक बचत गटांच्या पत्रकांत दिसते. बचत दुप्पट झाली म्हणून पैशाची थैली दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढतात. क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा क्षेत्रफळ बघतो. १९२० च्या दशकात व्हिएन्नात ओटो नॉयराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नियम घालून दिला: चिन्ह मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची जास्त चिन्हं काढायची. दोन थैल्या शेजारी काढल्या की काम झालं.

छपाईला आणि झेरॉक्सला चित्र कसं तयार ठेवायचं?

फोटो छापील आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) हवा. पूर्ण ए-४ साठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली फाइल आकसलेली असते. ती डॉक्युमेंट म्हणून मागवा. रेखाचित्र शक्यतो इंकस्केपसारख्या व्हेक्टर साधनात (कितीही मोठं केलं तरी रेघ न फाटणाऱ्या) करा, मग आकाराची चिंता नाही. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा सोडा.

शाळेत पुढच्या प्रती झेरॉक्सच्या निघणार हे गृहीत धरा. फिकट करडा उडून जातो, गडद करडा काळा होतो, अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघा तुटतात. करड्या छटांऐवजी तिरक्या रेघा आणि ठिपके वापरा. मूळ प्रत देण्याआधी झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघा.

चित्रकाराला काय द्यायचं?

कोल्हापुरात उत्तम हात असलेले चित्रकार मिळतात. त्यांना नुसतं "मोल्डिंगचं चित्र" सांगितलं तर ते सुंदर चित्र देतील: छाया, धूर, कामगाराच्या चेहऱ्यावरचा घाम. तुम्हाला हवी असते एकसारख्या जाडीची रेघ आणि स्पष्ट छेद. म्हणून चित्रयादी, कच्चा आराखडा, तीन बाजूंचे फोटो आणि शक्य असेल तर खरी वस्तू द्या. एकदा प्रत्यक्ष कामावर घेऊन जा. पैसे ठरवताना पेन्सिल टप्प्यावरच्या किती दुरुस्त्या धरल्या आहेत ते आधी बोलून घ्या. रंगाचा टप्पा विषय जाणणाऱ्याने पेन्सिल-चित्रावर सही केल्यावरच.

इंटरनेटवरचं किंवा एआयने केलेलं चित्र चालेल का?

शोधात सापडलं म्हणून ते मोफत होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (अटींवर फुकट वापरू देणारा) असेल तर त्याच्या अटी वाचा आणि श्रेय चित्राजवळ लिहा. मुलांचे फोटो वापरताना पालकांची लेखी संमती घ्या. भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणाराच घ्या. सीमा चुकीच्या दाखवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

एआयची चित्रं दिसायला तयार असतात, पण यंत्राचे भाग, बोटांची पकड, अवजाराची दिशा आणि देवनागरी अक्षरं त्यात वारंवार चुकतात. चूक गुळगुळीत दिसते म्हणून नजरेतून सुटते. कृती शिकवणाऱ्या चित्राला ते वापरू नये असं आमचं ठाम मत आहे.

चित्र समजतं की नाही हे कसं तपासायचं?

"समजलं का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, मान ठेवतात. विषय नवीन असलेल्या पाच-सहा जणांना एकेकटं बसवा. मजकूर झाकून विचारा, "यात काय चाललंय?" मग वस्तू हातात द्या आणि चित्र बघून करायला सांगा. तुम्ही गप्प राहा. हात कुठे थांबतो, चित्राकडे कितव्यांदा बघितलं जातं, कुठली पायरी सुटते एवढं टिपा. दोघे एकाच जागी अडले तर दोष चित्रात आहे. तपासायला विषयाच्या शिक्षकालाच बसवू नका, त्याला चित्रात नसलेलंही दिसतं.

नंतर बदल करायचा झाला तर?

प्रत्येक चित्राची मूळ फाइल, वापरलेला फाँट, स्रोत फोटो आणि संमतिपत्रं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाइलला "फायनल", "फायनल-नवीन" अशी नावं न देता प्रकरण, चित्र क्रमांक आणि तारीख द्या. तीच तारीख चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापा. नवा तक्ता लावायला जाल तेव्हा जुना स्वतः उतरवून घेऊन या. दोन्ही भिंतीवर राहिले तर लोक सवयीचा बघतात.